पितळी कडीचं नळकांडं

आमच्या गावात माणसाला ताप आला तर शेजारचं एखादं माणूस उंबऱ्यातून डोकावून जातं. म्हशीला ताप आला की सगळी आळी गोठ्यात उभी राहते, आणि रिकाम्या हाताने कुणी येत नाही. कुणी गूळ-ओवा उकळून आणतं, कुणी हळद-तेल, कुणी सुंठीचं पाणी. आणलेलं जनावराच्या पोटात गेलेलं पाहिल्याशिवाय पाहुणा हलत नाही. न पाजता त्याला परत पाठवणं म्हणजे घरी आलेल्याला चहा न विचारण्यासारखं. आजारी म्हशीला हे सगळे चहा प्यावे लागतात.

तिवा हा गाईम्हशींचा ताप तसा सभ्य आहे. पाऊस ओसरला, उसात पाणी साचून राहिलं आणि चिलटं-डास माजले की तो येतो. पहिल्या दिवशी जनावर थरथरतं आणि वैरणीकडे पाठ फिरवतं. दुसऱ्या दिवशी एका पायाने लंगडतं, मग दुसऱ्याच पायाने लंगडतं, मग बसतं. तिसऱ्या दिवशी बहुतेक वेळा आपलं आपण उठतं आणि गव्हाणीत तोंड घालतं. नावच तिवा. आता जो आजार तिसऱ्या दिवशी जायचाच आहे, त्याच्यावर दुसऱ्या दिवशी इलाज करणारा माणूस पंचक्रोशीत धन्वंतरी ठरणार, हे उघड आहे. आमच्या दूध डेअरीचे चेअरमन असेच धन्वंतरी झाले होते.

त्यांना सगळे आप्पा म्हणत. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी टोपी आणि बोलताना हात असा पुढे धरायचा की समोर माइक नसला तरी आहे असं वाटावं. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळचं वेळूचं नळकांडं होतं. एका टोकाला पेर राखून बंद, दुसऱ्या टोकाला तिरपा काप, आणि चिरू नये म्हणून तोंडाशी पितळी कडी बसवलेली. जनावराची मान वर करायची, काढ्याने भरलेलं हे नळकांडं जबड्याच्या कडेने आत सारायचं आणि काढा ओतायचा. आमची दोन्ही घरं मूळची मेंढरामागची. आजोबांच्या पिढीने रान तुडवणं सोडलं, भीमेच्या काठाला घर बांधलं, मेंढरांच्या जागी म्हशी आल्या आणि माळाच्या जागी ऊस आला. आमच्या घरात त्या दिवसांची आठवण म्हणून एक घोंगडी उरली होती. आप्पांच्या घरात हे नळकांडं उरलं, आणि त्यांनी त्याचं देवस्थान केलं. ते नव्या फडक्यात गुंडाळून आणत आणि पाजण्याआधी कपाळाला लावत. "माझा काढा मानसानं पिला तरी अपाय न्हाई," हे वाक्य तर त्यांच्या प्रत्येक भाषणात असे, मग भाषण रस्त्याच्या डांबरीकरणावर असलं तरी.

मी शिरूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. गावात मला पुस्तकवाल्या बाई म्हणत. त्यात आदर किती आणि कीव किती याचा शोध मी कधी घेतला नाही. घरी आई आणि मी. वडील गेल्यावर आईने दोन गोष्टी सांभाळल्या, एक मी आणि एक म्हैस. मी पगार आणत असले तरी क्रम उलटा असावा असा मला संशय होता. ती म्हैस आमच्याच गोठ्यात जन्मली होती, आईच्या हाताची होती, दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नसे.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. गावातली तरणी माणसं शिक्रापूर-सणसवाडीच्या कंपन्यांत शिफ्टला जाऊ लागली होती आणि गोठे बायकांवर आणि म्हाताऱ्यांवर आले होते. त्या पावसाळ्यात पुण्याहून एक डॉक्टरीणबाई जीप घेऊन येऊ लागल्या. जनावरांच्या डॉक्टर. वय माझ्यापेक्षा कमी, पायात गमबूट, आणि बोलताना समोरच्यापेक्षा गाईकडे जास्त लक्ष. नदीच्या अलीकडची शिरूर तालुक्यातली काही गावं आणि पलीकडची दौंडमधली काही, अशी त्यांनी तिव्याच्या अभ्यासासाठी निवडली होती. आजारी जनावराच्या मानेच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं. तेच जनावर बरं झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं. दोन्ही ताडून पाहिली की अंगात कोणता विषाणू येऊन गेला ते कळतं, एकट्या पहिल्याचा उपयोग नाही, असं त्यांनी मला सांगितलं. शिवाय गोठ्यापाशी एक यंत्र टांगायचं. आत दिवा, दिव्याखाली छोटा पंखा, पंख्याखाली जाळीची पिशवी. उजेडाला आलेली चिलटं पंखा खाली ओढतो. सकाळी त्यातली कोणती रक्त पिऊन आलीत ते भिंगाखाली बघायचं.

आमच्या गावात काही सुरू होतं आणि त्याचं उद्घाटन होत नाही, असं शक्य नव्हतं. आप्पांनी चिलटांच्या यंत्राला लाल फीत बांधायला लावली, नारळ आणला, डेअरीच्या सेक्रेटरीला प्रास्ताविक करायला लावलं. आप्पा "या ऐतिहासिक क्षणी" म्हणाले आणि कुणीतरी उत्साहाच्या भरात बटण दाबलं. पंख्याने फीत ओढून घेतली. फीत आत, कात्री बाहेर. डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसले, पण माझं हसणं गावाच्या सवयीचं होतं. त्यांचं आप्पांनी लक्षात ठेवलं.

भादव्यात आमची म्हैस बसली.

डॉक्टरीणबाई सकाळीच आल्या. ताप पाहिला, रक्त घेतलं, दुखणं कमी होण्याचं इंजेक्शन दिलं आणि आईला समोर बसवून सांगितलं, "मावशी, हिला सावलीत ठेवा. अधूनमधून कूस बदला. पाणी समोर ठेवा, वाटलं तर ती स्वतः पिईल. पण तोंडाने काही पाजायचं नाही. या तापात घसा ढिला पडतो, गिळता येत नाही. पाजलेलं सगळं श्वासनळीत उतरतं. म्हशीला हा ताप गाईपेक्षा हलका जातो. ही उठणार."

आईने मान हलवली. सत्यनारायणाच्या कथेला मध्ये मध्ये हलवतात तशी. डॉक्टरीणबाई नदीपलीकडे गेल्या, मी एसटीला गेले.

संध्याकाळी स्टॉपवर उतरले तेव्हा आमच्या गोठ्यासमोर चपलांचा ढीग दिसला. आत आप्पा बाह्या सरसावून उभे होते. आईने म्हशीच्या नाकपुड्यांत दोन बोटं घालून मान छताकडे ताणून धरली होती, आणि आप्पा पितळी कडीतून पिवळाधमक काढा ओतत होते. आळीतल्या सगळ्या जनावरांना त्यांचा हात लागला होता, आमचीच तेवढी राहिली होती. चेअरमन स्वतः दारात आल्यावर आई नाही कशी म्हणणार?

"आप्पा, पाजायचं नाही म्हणून सांगितलंय," मी म्हणाले.

"कुनी? त्या गमबुटानं?" आप्पांनी वर न बघता विचारलं. "मेंढरामागं गेली का ती कवा? वैनी, धरा नीट. वर, आजून वर."

म्हैस खोकली. सगळं अंग हलवून खोकली, आणि नाकपुडीतून हळदीची धार आईच्या मनगटावर आली.

"लागू पडलं!" आप्पा म्हणाले. "घसा मोकळा झाला बगा."

"व्हय की वो," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी पुढचं वाक्य गिळलं. मला गिळता येत होतं.

म्हैस तिसऱ्या दिवशी उठली नाही. ताप उतरला होता, पण छातीत हुक्का ओढल्यासारखा आवाज यायला लागला. डॉक्टरीणबाई आल्या, तिच्या बरगड्यांवर नळी ठेवून बराच वेळ ऐकत राहिल्या, आणि मला उकिरड्यापाशी घेऊन गेल्या.

"काय पाजलंत?"

मी सांगितलं.

त्या चिडल्या नाहीत. पायाने एक शेणाचं ढेकूळ फोडत उभ्या राहिल्या. "तेल असेल ना त्यात? मग फुप्फुसातून ते निघत नाही. मी इंजेक्शनं देते, पण..." आणि गोठ्याकडे बघत, "आईंना मी सांगू का?"

"नको," मी म्हणाले.

म्हशीचा जीव आप्पांनी घेतला, हे मला त्या उकिरड्यापाशी उभं असतानाच स्वच्छ दिसलं होतं. पण त्याच्या बरोबरीने दुसरंही दिसलं होतं. आप्पांनी ओतलं, पण मान धरली ती आईने. आप्पांवर झाडलेली गोळी आईच्या हातातून आरपार जाणार होती.

म्हैस गेली. डॉक्टरीणबाईंनी उघडून बघू देण्याची विनंती केली, फुप्फुसात हळद सापडेल असं त्या म्हणाल्या. आप्पांनी ती विनंती जागीच फेटाळली. "मेल्यावर बी चिरायचं व्हय? वैनीच्या काळजाचा काय इचार?" वैनीच्या काळजाचा असा जाहीर विचार करत त्यांनी खड्डा खणून घेतला, मीठ टाकून घेतलं, आणि माती लोटून झाल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रगत काढलं तवाच मला कळालं व्हतं. तापात रगत काढत्यात का कुनी? बाटलीभर काढलं वो."

काढलं होतं ते करंगळीएवढ्या नळीत. पण संध्याकाळपर्यंत ती बाटली झाली, दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या, आणि न्हावऱ्याच्या बाजारातून ऐकू आली तेव्हा कॅन झाला होता. डेअरीच्या फळ्यावर, जिथे फॅटचे आकडे लिहितात, तिथे खडूने सूचना लागली: जनावरांचे रक्त कोणीही देऊ नये. डॉक्टरीणबाईंची जीप आली की दारं लागायची. दुसऱ्यांदा रक्त घ्यायची वेळ आली तेव्हा आमच्या गावातलं एकही जनावर त्यांना मिळालं नाही, म्हणजे पहिल्यांदा घेतलेलंही वाया गेलं. शेवटी त्यांनी यंत्र उतरवलं. पंख्याच्या पात्याला लाल फितीचा एक धागा अजून होता.

मला सगळ्यात जास्त लागलं ते आईचं बोलणं. भेटायला आलेल्या बायकांना ती सांगायची, "सुई मोठी व्हती बाई. मी बघितली ना." मी आतल्या खोलीत पुस्तक उलटं धरून बसायची.

त्या वर्षात मी काय केलं म्हणाल तर राग सांभाळला. सुडाच्या गोष्टी मी पुष्कळ वाचलेल्या होत्या, त्यांतल्या बहुतेकांत घोडा, तलवार किंवा वारसाहक्क लागतो. माझ्याकडे एसटीचा पास होता. तरी मी कल्पनेत कसूर केली नाही. वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, फाडलं. डेअरीच्या निवडणुकीत उभं राहायचं ठरवलं, मग आप्पांच्या भावकीची डोकी मोजली आणि बसले. एकदा आप्पांना सायकलवरून पडताना पाहिलं आणि दिवसभर वाचनालयात माझा चेहरा असा खुलला होता की मुलींनी विचारलं, "मॅडम, वाढदिवस आहे का?" आप्पा रस्त्यात भेटले की मी हात जोडत असे. इतकी नम्र मी आयुष्यात कधी नव्हते. ते म्हणत, "बाई लई सुधारल्या."

त्यांच्या हातून ते नळकांडं सगळ्या गावादेखत सुटलेलं मला बघायचं होतं. आणि हे आईला कळू न देता.

आमच्या गोठ्यात आता मेलेल्या म्हशीची रेडी होती. आई तिला आतल्या भिंतीला बांधू लागली, दारातून दिसणार नाही अशी. एकदा रेडीला पडसं झालं तर शेजारीण तांब्याभर काढा घेऊन आली. आईने हसून घेतला, "पाजते गं मी, ती परक्याला शिंगं मारती," म्हणाली. शेजारीण गेल्यावर मागच्या दाराने जाऊन तो तिने उकिरड्यावर ओतला. मी खिडकीतून पाहिलं. आई म्हातारी झाली, विसरायला लागली, असं मला वाटलं. इतकी पुस्तकं वाचून माणसाला एवढंच वाटू शकतं.

पुढच्या पावसाळ्यात डेअरीची वार्षिक सभा आली. त्या सभेत संस्थेतर्फे आप्पांचा पशुसेवक म्हणून सत्कार होणार होता. ठराव संस्थेच्या चेअरमनच्या सहीने मंजूर झाला होता, म्हणजे आप्पांच्याच. सेक्रेटरी घरी आले आणि मला म्हणाले, "ताई, मानपत्र तुम्हीच ल्हा. आप्पांची इच्छा हाय. चांगले जड जड शब्द घाला."

मी घातले. उचलायला दोन माणसं लागतील इतके जड घातले. आणि मनाशी ठरवलं की आप्पा भाषणात ते माणसाने काढा पिण्याचं वाक्य म्हणणारच, तेव्हा उठायचं. काय विचारायचं तेही ठरलं होतं. आई सभेला कधी जात नसे, सभासदांना वाटतात तो स्टीलचा डबा दरवर्षी मीच आणून देत असे. म्हणून काळजी नव्हती.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. व्यासपीठावर मखमली खुर्ची, आप्पांच्या समोर टेबल, टेबलावर नव्या फडक्यात नळकांडं आणि शेजारी तांब्यात ताजा काढा. तो मिरवण्यासाठी होता. व्यासपीठाच्या कडेला लोखंडी खुर्चीवर डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्या पुन्हा परवानगी मागायला आल्या होत्या, आणि आप्पांनी त्यांना मुद्दाम सत्काराच्या दिवशी बोलावलं होतं. सगळ्यांसमोर क्षमा करायची असेल तर श्रोते लागतात.

मी मानपत्र वाचलं. टाळ्या झाल्या. खाली उतरताना बायकांच्या रांगेत पुढेच मला आई दिसली. डोक्यावरून पदर घेऊन बसलेली.

"तू कशी आलीस?" मी खाली वाकून विचारलं.

"ह्या साली डब्याला झाकन चांगलं हाय म्हनत्यात," ती म्हणाली. "मी निवडून घीन."

मी तिच्या शेजारी बसले आणि वर्षभराचा बेत मनातल्या मनात गुंडाळून ठेवला. पुढच्या वर्षी, असं स्वतःला सांगितलं. खरंच गुंडाळला होता. पण आप्पा बोलायला उभे राहिले. मेंढरं झाली, आजोबा झाले, नळकांडं कपाळाला लावून झालं.

"संशोदनाला माझा इरोध न्हाई," आप्पा म्हणाले. "डाक्टरीनबाई लेकीसारख्या हायेत. लेकरू चुकतं. पर मागल्या साली त्यांच्या सुईनं एका इधवेची दुभती म्हस गेली. खोटं सांगत न्हाई, ती माउली इथंच बसलीया. वैनी, उठा. सांगा समद्यांना. आपन काढा दिला तवा म्हशीला आराम पडला व्हता का न्हाई?"

आई उठली नाही. पदर चेहऱ्यावर आणखी ओढून घेतला.

"लाजू नका वैनी. माझा काढा मानसानं पिला तरी अपाय न्हाई. आन् ह्यो हितं ठेवलाय, ज्याला परीक्षा घ्यायची त्यानं..."

मी उठले. ठरवून उठले नाही, पण उठले खरी. आईला उभं करून साक्ष काढायची, हे मला सहन झालं नाही.

"आप्पा, तुम्हीच घ्या की," मी म्हणाले. "मानपत्रात तेवढं एक राहिलंय."

मांडव हसला. आप्पाही हसले, तांब्यातला काढा ग्लासात ओतला, एका दमात प्याले आणि मिशा पुसल्या. टाळ्या पडल्या.

"असा नाही," मी म्हणाले. "म्हैस ग्लासानं कुठं पिते? मान वर, नाक धरून, नळकांड्यानं. जसा तुम्ही तिला देता तसा."

"आरं तिच्या!" मागून कुणीतरी ओरडलं. "शेपटीकडनं कोन धरतंय?"

"खाली पोतं टाका, आप्पा बसलं तर!"

"वैरन दावा आधी!"

आता मागे फिरणं आप्पांना शक्य नव्हतं. शंभर तोंडं हसत असताना नाही म्हणणारा माणूस चेअरमन राहत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांनी शाल मागे सारली आणि मखमली खुर्चीत ऐसपैस बसले. "या बाई. ओता. पर धरनार कोन? सेक्रेटरी, तुमी या."

"मी धरते," शेजारून आवाज आला.

आई उठून उभी होती. पदर खांद्यावर आला होता. व्यासपीठाच्या पायऱ्या ती एकेक करून चढली, आप्पांच्या मागे जाऊन उभी राहिली. "मला सवय हाय," ती म्हणाली.

मी हातात तांब्या आणि नळकांडं घेऊन उभी. तिने एक तळहात आप्पांच्या हनुवटीखाली घातला, दुसऱ्या हाताच्या बोटांनी नाक दाबलं आणि मान मांडवाच्या कापडाकडे ताणली. टोपी मागे पडली.

"वर," आई म्हणाली. "आजून वर. ओत गं."

मी ओतलं. खूप नाही, घोट-दीड घोट. एवढ्यातच आप्पांचे पाय खुर्चीवरून उचलले गेले. ते खोकले. सगळं अंग हलवून खोकले. आईने नाक सोडलं, पण लगेच नाही. तो जो क्षण तिने जास्त घेतला तो फक्त मला दिसला. मग नाकातून पिवळी धार आली, मिशांवरून शर्टावर, शर्टावरून शालीवर. तेलातली हळद, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी वर्षभर ज्या चित्राची कल्पना करत होते त्यात इतका रंग नव्हता.

मांडवात एक-दोघं हसले आणि गप्प झाले, कारण आप्पा खोकायचे थांबत नव्हते. तिथे हजर असलेल्या एकमेव डॉक्टर जनावरांच्या होत्या. त्याच पुढे आल्या. त्यांनी आप्पांना पुढे वाकवलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "मान खाली. खालीच ठेवा. येऊ दे बाहेर."

खोकला ओसरला तेव्हा आई बोलली. माइक जवळ होता आणि तिला माइकची सवय नव्हती, त्यामुळे ती जे आप्पांना म्हणाली ते गावाने ऐकलं.

"आशीच खोकली व्हती ती, आप्पा. तुमी म्हनला, लागू पडलं. मी बी म्हनलं, व्हय." तिने आपली बोटं लुगड्याला पुसली. "मान तर मीच धरली व्हती. सुईचं नाव सांगून वरीस काढलं मी. आता न्हाई सांगत."

आणि ती पायऱ्या उतरून थेट डब्यांच्या ढिगाकडे गेली. झाकणं लावून बघत दोन डबे नाकारले आणि तिसरा घेतला.

आप्पांनी "तोंडाला गेला जरा," असं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. सेक्रेटरींनी आभार मानले. आभाराच्या यादीत मंडपवाला होता, लाउडस्पीकरवाला होता, आप्पा राहिले. त्या गडबडीत टेबलावरचं नळकांडं मी फडक्यासकट पिशवीत टाकलं. कुणी पाहिलं असलं तरी बोललं नाही.

घरी जाताना आई पुढे आणि मी मागे. मी मोठं काही बोलायच्या तयारीत होते. वर्षभर तिच्यापासून काय लपवलं आणि का लपवलं, वगैरे. चावडीपाशी ती थांबली.

"तू त्या उकिरड्यापाशी डाक्टरनीला 'नको' म्हनलीस, तवा मी कडब्याच्या गंजीआड उभी व्हते," ती म्हणाली. "एवढं शिकलीस, आन् बोलताना आजूबाजूला बगत न्हाईस."

मला राग आला, हे कबूल केलं पाहिजे. ज्या सुडाला मी वर्षभर चारापाणी केलं, तो तिने सगळ्यांदेखत एका घोटात वापरून टाकला, आणि वर तो माझ्यापेक्षा जास्त तिचाच होता. ती मात्र हातातल्या डब्याचं झाकण उघडत-मिटत चालत होती.

रक्ताबद्दल ठराव वगैरे झाला नाही. फळ्यावरची ती सूचना कुणी पुसलीही नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यावरच फॅटचे आकडे लिहिले गेले. सकाळी जीप आली तेव्हा दारं अर्धी उघडी होती. आईने रेडीला आतल्या भिंतीपासून सोडून अंगणात आणलं. डॉक्टरीणबाईंनी मानेवरचे केस ओले करून शीर चाचपली. आईने रेडीचं डोकं आपल्या पोटाशी घेतलं आणि खाली, जमिनीकडे दाबून धरलं. मग ती नळीत चढणाऱ्या रक्ताकडे टक लावून बघत राहिली, आणि नळी भरली तेव्हा म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मागल्या येळंला बी एवढंच व्हतं?"

"एवढंच."

आईने रेडीची मान सोडली. संध्याकाळी यंत्र आमच्याच गोठ्यापाशी टांगलं गेलं. उद्घाटन झालं नाही.

आप्पा पुढेही चेअरमन राहिले. आमच्या गावात लोक हसले म्हणून मतं बदलत नाहीत. काढा मात्र त्यांनी कुणाच्या गोठ्यात नेला नाही, कारण ते पायरी चढले की आतून कुणीतरी पोरगं "शेपटीकडनं कोन?" असं हळूच विचारायचं. तेवढं ऐकायला मी वाकडी वाट करून त्यांच्या आळीतून जात असे.

नळकांड्याचा शोध घ्यायला त्यांनी सेक्रेटरींना दोनदा पाठवलं. पहिल्यांदा मी म्हणाले, मिळालं तर कळवते. दुसऱ्यांदा सेक्रेटरी दारात उभे राहून म्हणाले, "ताई, वाडवडलांची वस्तू हाय वो. त्यांच्या जिवाला लागलंय." मी त्यांना चहा दिला. नळकांडं माझ्या टेबलावर, त्यांच्या समोरच होतं. मी त्यात पेन्सिली ठेवते. पितळी कडी अधूनमधून चिंचेने घासते. आई म्हणायची, देऊन टाक गं आता, म्हातारा झाला तो.

ती गेली तरी मी ते दिलेलं नाही.